नदीकाठचे आक्रमक रान कसे काढावे: नव्या गटांसाठी पायरीपायरीने

नवा गट जमला की पहिला प्रश्न येतो तो "किती काठ साफ करायचा?" हा. त्याचे उत्तर जमलेल्या माणसांकडे पाहून ठरवू नका. पुढची तीन वर्षे दर दीड-दोन महिन्यांनी जेवढ्या काठावर परत जाता येईल, तेवढाच काठ हाती घ्या. दहा-बारा जणांच्या गटाला सुरुवातीला एका बाजूचा १०० मीटरचा पट्टा भरपूर झाला. एका दिवसात अर्धा किलोमीटर साफ करून पुन्हा तिकडे न फिरकण्यापेक्षा तिथे हात न लावलेला बरा. उघड्या पडलेल्या ओल्या मातीत सर्वांत आधी तेच रान उगवते, आणि या खेपेला त्याच्याशी स्पर्धा करणारे दुसरे काहीच शिल्लक नसते.

आक्रमक म्हणजे केवळ परदेशी नव्हे. हिमालयातला एक उंच तेरडा १८३९ साली बागेत लावायला ब्रिटनमध्ये नेला गेला आणि आज तिथल्या नदीकाठांना त्याने वेढले आहे. त्याच्या मूळ ठिकाणी त्याला खाणारे किडे आहेत, रोग आहेत, शेजारी झाडे आहेत. नव्या ठिकाणी यातले काहीच सोबत गेले नाही. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातली, बेशरम आणि घाणेरीही अमेरिकेच्या उष्ण भागातल्या. काढायचे ते बाहेरून आलेले, वेगाने पसरणारे आणि स्थानिक वनस्पतींना जागा न ठेवणारे रान. बाहेरून आले पण एका कोपऱ्यात गप्प उभे आहे, अशा झाडावर पहिल्या वर्षी वेळ घालवू नका.

पहिली पायरी: काठ चालून पाहा

शेतातले तण बांधापर्यंत पसरते, नदीकाठचे तण वाहत जाते. वरच्या अंगाला एक झुडूप राहिले तर त्याच्या बिया आणि मोडके तुकडे प्रत्येक पुरात खालच्या साफ केलेल्या पट्ट्यात येऊन बसतात. म्हणून काम वरून खाली करायचे, प्रवाहाच्या दिशेने. ओढा किंवा नाला येऊन मिळत असेल तर आधी त्याच्या आत दोनशे-तीनशे मीटर चालून जा. नदीतल्या जलपर्णीचे माहेर पुष्कळदा तिथल्या एखाद्या साचलेल्या डबक्यात असते.

दुसरी दिशा आहे चांगल्याकडून वाइटाकडे. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६० च्या दशकात हाताने तण काढता काढता ही रीत बसवली. जिथे स्थानिक वनस्पती अजून टिकून आहेत तिथून सुरुवात करा, माती कमीत कमी हलवा, आणि स्थानिक झाडोरा ज्या वेगाने परत येईल त्याच वेगाने पुढे सरका. नव्या गटाला हे उलटे वाटते, कारण डोळ्यांत खुपते ते सर्वांत दाट रान. पण दाट रानात दिवसभर राबून जेवढी जागा मोकळी होते, त्याच्या कितीतरी पट जागा विरळ भागात तेवढ्याच श्रमात वाचते, आणि तिथे बाजूची स्थानिक झाडे रिकामी जागा स्वतःच भरून काढतात.

पाहणी करताना काठाचे ५० मीटरचे तुकडे पाडा आणि प्रत्येकाला क्रमांक द्या. प्रत्येक तुकड्यासाठी कागदावर नोंदवा: कोणते आक्रमक रान आहे, किती जमीन झाकली आहे, कोणती स्थानिक झाडे उरली आहेत, उतार किती आहे, सांडपाणी कुठे येते, माल बाहेर काढायला वाट कुठून आहे. झाकलेल्या जमिनीचे तीन वर्ग पुरतात: १० टक्क्यांपर्यंत विरळ, १० ते ५० मध्यम, त्यावर दाट. मागच्या पुराची खूणही शोधा. काठावरच्या फांद्यांत अडकलेल्या चिंध्या, काड्या, प्लास्टिक ज्या उंचीवर दिसते तिथपर्यंत पाणी आले होते. ही रेषा पुढे दोनदा कामी येते, एकदा माल टाकताना आणि एकदा लागवड करताना.

पाहणी फुलोऱ्याच्या दिवसांत केली तर ओळख सोपी जाते. काढणी मात्र फुलोऱ्याआधी हवी. याचा अर्थ पाहणी एका हंगामात आणि काढणी पुढच्या. हा थांबण्याचा काळ परवानगी, अवजारे आणि माणसे जमवण्यात छान जातो.

प्रत्येक तुकड्यात एक छायाचित्राची जागा ठरवा: एखादा खडक, पुलाचा खांब किंवा ठोकलेली खुंटी. तिथे उभे राहून, छातीच्या उंचीवरून, समोरच्या त्याच झाडाकडे रोखून दर तीन महिन्यांनी एक फोटो. जागा बदलली की आधीचा फोटो वाया गेला.

दुसरी पायरी: जमीन कोणाची, वापर कोणाचा

नदीचे पात्र, काठ आणि त्यामागची जमीन यांचे मालक बहुधा वेगवेगळे असतात. लेखी परवानगी घ्या, आणि त्यात कुठून कुठपर्यंत, कोणती झाडे, कोणत्या अवजारांनी आणि काढलेला माल कुठे ठेवणार हे स्पष्ट लिहून घ्या. झाड तोडण्याचे नियम झुडूप उपटण्याच्या नियमांहून कडक असतात. खोड असलेल्या कशालाही हात लावण्याआधी विचारा.

मच्छीमार, गुराखी, काठावर धुणी धुणारे, पंप लावणारे शेतकरी यांच्याशी आधी बोला. वारा बदलला की जलपर्णीचा थर कोणत्या वळणावर जाऊन बसतो हे मच्छीमाराला नेमके माहीत असते. कोणाला त्या झुडपांचे सरपण मिळत असेल, कोणाचे कुंपण त्याच बेशरमीचे असेल. कुंपण न विचारता तोडले की पुढच्या महिन्यात तिथे कोणी उभे करणार नाही.

तिसरी पायरी: चुकीचे झाड उपटू नका

सर्वांत जास्त नुकसान इथे होते, आणि तेही मन लावून काम करणाऱ्या हातांनी. जलपर्णीच्या पानाचा देठ फुग्यासारखा फुगलेला असतो, दाबला तर स्पंजासारखा लागतो. दाट गर्दीत मात्र तो लांबट, सरळ होतो, तेव्हा फुग्यावर विसंबू नका. रोप उचलून पाहा. खाली पिसासारखी काळपट-जांभळी मुळे मोकळी लोंबत असतील आणि फिकट जांभळ्या फुलाच्या वरच्या पाकळीवर निळ्या कडेचा पिवळा ठिपका असेल तर ती जलपर्णी. तिच्यासारखीच निळसर फुले येणारी पण चिखलात मुळे रोवून उभी राहणारी स्थानिक पाणवनस्पती असते, ती सोडा.

बेशरम आणि नाळी यांची गल्लत तर ठरलेली. दोघींची फुले कर्ण्यासारखी, गुलाबी-जांभळट; दोघींची खोडे पोकळ. पण नाळी पाण्यावर किंवा चिखलावर सरपटते, तिचे खोड मऊ असते. बेशरम माणसाच्या उंचीची उभी झाडी करते, खालचे खोड लाकडासारखे टणक असते. शंका असेल तर फांदीला फीत बांधा आणि पुढे जा. फीत बांधलेले झाड जाणकाराने पाहिल्यावरच काढायचे, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा.

चौथी पायरी: माणसे, अवजारे, सुरक्षितता

दहा-बारा जणांच्या गटात एक जण ओळखणारा, सहा जण काढणारे, तीन वाहणारे, एक नोंद ठेवणारा आणि एक फक्त पाण्याकडे लक्ष ठेवणारा. हा शेवटचा माणूस हातात अवजार घेत नाही. वर धरण किंवा बंधारा असेल तर पाणी सोडण्याची वेळ आधी विचारून घ्या. आकाश निरभ्र असले तरी पातळी अचानक वाढते. पाणी गढूळ झाले, काड्या-कचरा वाहू लागला की शिट्टी, आणि सगळे वर.

अवजारे साधी: टिकाव, कुदळ, पहार, कोयता, खुरपी, दाताळे, घमेली, २० मीटरचे दोर, टोकाला लोखंडी आकडा बांधलेले दोन लांब बांबू, दोन ताडपत्र्या आणि पोती. तण कापण्याचे यंत्र पहिल्या वर्षी आणूच नका. ते शेकडो तुकडे उडवते, आणि तुकड्यातून उगवणाऱ्या झाडाची ती लागवडच ठरते.

अंगभर कपडे, जाड हातमोजे, घट्ट बूट. गुडघ्याच्या वर पाणी असेल तिथे गमबूट घालून उतरू नका. ते पाण्याने भरले की पाय उचलत नाही. त्याहून खोल काम काठावरून आकड्याने करा, किंवा लाइफ जॅकेट घालून, दोर बांधून, जोडीने. झुडपात हात घालण्याआधी काठीने हलवून घ्या, साप बाजूला होतात. अंगावरची जखम जलरोधक पट्टीने झाकल्याशिवाय कोणी पाण्यात उतरू नये, आणि पुढच्या महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना नदीच्या पाण्यात काम केल्याचे आवर्जून सांगावे. लेप्टोस्पायरोसिस असाच लागतो आणि सांगितले नाही तर निदानाला उशीर होतो.

अडीच तासांपेक्षा जास्त काम ठेवू नका. तिसऱ्या तासात मुळे अर्धवट तुटू लागतात.

पाचवी पायरी: प्रत्येक रानाची रीत वेगळी

झाड कशातून परत उगवते हे कळले की रीत आपोआप कळते. कोणी तुकड्यातून उगवते, कोणी बुंध्यातून, कोणी फक्त बीतून.

बेशरम तुकड्यातून उगवते. खोडाच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात, म्हणून तोडून पाण्याकाठी टाकलेली फांदी म्हणजे नवे रोप. पाणी ओसरलेले आणि माती ओलसर पण चिकट नसलेली वेळ गाठा. आधी फांद्या गुडघ्याच्या उंचीवर तोडा आणि लगेच बाहेर न्या. उरलेले थोटूक मूठ म्हणून धरा, भोवती टिकावाने माती सैल करा, पहार खाली घालून गड्डा उचला. हाताने ओढू नका. खोड तुटते, गड्डा आत राहतो आणि एका फांदीच्या जागी पाच धुमारे येतात. पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. फांद्या खडकावर किंवा ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा, मातीवर नको. वाळल्या की नाही हे रंगावरून ठरवू नका, कारण करड्या दिसणाऱ्या फांदीतही आठवडेच्या आठवडे जीव असतो. एक जाड फांदी मधोमध मोडा. लवली किंवा चीक आला तर जिवंत. कडकन मोडली आणि आत कोरडी निघाली तर मेली. ही झाडी शेळ्या-गुरांना विषारी आहे, त्यामुळे ढीग जनावरांच्या वाटेवर नको. जाळायचीही नाही.

जलपर्णीचे गणित आधी वजनाचे आहे. तिच्यात ९० ते ९५ टक्के पाणी असते आणि दाट थराचे वजन चौरस मीटरला ३० ते ४० किलोपर्यंत जाते. म्हणजे १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद तुकडा काढायचा तर तीन-चार टन माल हाताने काठावर चढवावा लागणार. अनुकूल हवामानात हीच झाडी एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होते. तुमचा काढण्याचा वेग या वाढीपेक्षा जास्त नसेल तर श्रम पाण्यात गेले. म्हणून नदीचा मोठा थर सोडा. आधी छोटे, बाजूचे, वाढ सुरू करून देणारे साठे संपवा, आणि वाढ मंद असते त्या थंड दिवसांत जोर लावा.

पहिले काम म्हणजे खालच्या बाजूला अडसर लावणे, नाहीतर सुटलेले प्रत्येक रोप पुढच्या गावाचे. अडसर साधा असतो: जाड बांबू एकापुढे एक बांधायचे, दर मीटरला एक घट्ट झाकणाचा रिकामा प्लास्टिकचा डबा तरंगण्यासाठी, आणि खाली हातभर जाळी लोंबती. तो प्रवाहाला आडवा सरळ बांधू नका. सरळ बांधला की मधोमध सगळा दाब येतो आणि तो तिथेच तुटतो. प्रवाहाशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवा, म्हणजे वाहत आलेला थर घसरत एका काठाला येतो. ते टोक तुमच्या उतरणीच्या वाटेपाशी असू द्या. दोर झाडाला बांधताना एका ओढीत सुटणारी गाठ मारा आणि पुराच्या हंगामाआधी अडसर काढून ठेवा. अडसरावर थर साचू दिला तर मागचे पाणी फुगून काठ खचतो, तेव्हा तो रोज पाहणारे कोणीतरी हवे.

थर मोकळ्या पाण्याच्या कडेकडून कापायला घ्या. लांब दांड्याच्या कोयत्याने साधारण दीड मीटरचे चौकोन पाडा, आकड्याने काठाला ओढा, दाताळ्याने उचला. काठावर उपडे टाका, मुळे वर. अर्धा-एक दिवस पाणी निथळू दिले की वजन बरेच कमी होते आणि मुळांत अडकलेले मासे, गोगलगाई, किडे पाण्यात परतायला वेळ मिळतो. त्यानंतर माल पूररेषेच्या वर न्या. या एका गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. दिवसभर उपसलेले ढीग काठाच्या कडेलाच राहतात आणि पहिल्या पुरात परत पाण्यात जातात.

थरात वारकरी आणि पाणकोंबड्या हे पाणपक्षी घरटी करतात. काम सुरू करण्याआधी दुर्बिणीने पंधरा मिनिटे पाहा. घरटे दिसले तर भोवतीचा भाग पिल्ले बाहेर पडेपर्यंत तसाच ठेवा.

पानांवर दोन-चार मिलिमीटरचे, वरची साल खरवडल्यासारखे फिके चट्टे दिसले तर ते बहुधा जलपर्णी खाणाऱ्या भुंग्याचे काम. हे भुंगे अनेक देशांत शास्त्रीय तपासणी करून सोडले गेले आहेत आणि आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातही ते वापरले गेले. असे चट्टे असतील तर थोडा थर मुद्दाम राखा, म्हणजे भुंगे टिकतील. स्वतः मात्र कुठूनही किडे आणून सोडू नका. ते काम परवानगी असलेल्या संशोधन संस्थांचे आहे. आणि एक गोष्ट पक्की समजून चला: सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येत राहिले तर जलपर्णी येत राहणार. नाल्यांची नोंद पाहणीत करायची ती याचसाठी. ती नोंद, फोटो आणि तारखा घेऊन सांडपाणी सोडणाऱ्याकडे जाणे हा या कामाचाच भाग आहे. तिचे बी १५ ते २० वर्षेही तग धरते, त्यामुळे पाणी स्वच्छ झाल्यावरही चिखलातून रोपे येतात.

गाजर गवत फक्त बीतून येते, पण एका झाडाला हजारो बिया धरतात आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलू लागते. पाऊस पडून गेल्यावर, माती मऊ असताना, पांढरी फुले दिसण्याआधी मुळासकट उपटा. कापलेत तर बुडातून फुटून बुटके झाड लगेच फुलते. जमिनीला चिकटलेल्या पानांच्या कोवळ्या चक्राला खुरपे तिरके घालून मूळ खालून छाटा. फुललेल्या झाडावर आधी पोते उपडे घाला आणि मग ते उपटा. याच्या परागांनी आणि स्पर्शाने कातडीला खाज, पुरळ, काहींना दमा होतो. ज्यांना त्रास आहे त्यांना या कामाला बोलावूच नका, बाकीच्यांनी मास्क आणि लांब बाह्या घालाव्यात.

घाणेरीची रीत दिल्ली विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी नेमकी बांधून दिली आहे. तिचे धुमारे खोड आणि मूळ जुळतात त्या गाठीतून फुटतात. त्या गाठीच्या खाली, म्हणजे जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर, सोटमूळ कुदळीच्या दोन-तीन घावांत तोडायचे. सगळे मूळ खणण्याची गरज नाही, त्यामुळे माती जवळजवळ हलत नाही. उतारावर हा मोठा फायदा. झुडूप उचलून जागेवरच उलटे ठेवा, मुळे आकाशाकडे, म्हणजे ते परत रुजत नाही. फळे असतील तर मात्र पोत्यात भरून न्या. पक्षी ही फळे खातात, म्हणून पुढच्या खेपेला आधी मोठ्या झाडांखाली पाहा; नवी रोपे तिथेच दाट सापडतात.

सुबाभूळ आणि वेडी बाभूळ यांची पेन्सिलएवढी रोपे ओल्या मातीत सहज निघतात. मोठी झाडे काठ धरून उभी असतील तर खणू नका. बुंधा खाली छाटा आणि येणारे धुमारे दर महिन्या-दीड महिन्याने कोवळे असतानाच हाताने खुडत राहा. मूळ हळूहळू दमते, मरेपर्यंत माती धरून ठेवते, तेवढ्यात शेजारी लावलेले स्थानिक झाड मोठे होते. हे काम कंटाळवाणे आहे, पण काठ खचवणाऱ्या घाईपेक्षा शंभर पटीने बरे.

काही वनस्पती नव्या गटाने हाताळूच नयेत. जपानी नॉटवीडच्या जमिनीखालच्या खोडाचा एक ग्रॅमपेक्षा लहान तुकडासुद्धा उगवतो. असे काही ओळखू आले तर जागा आखून ठेवा आणि जाणकारांना कळवा.

तणनाशकाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: स्वयंसेवी गटाने पाण्याजवळ फवारणी करू नये. तणनाशकात मिसळलेली पसरणारी द्रव्ये बेडकांना आणि त्यांच्या पिल्लांना घातक ठरतात, आणि एकदम मेलेला जलपर्णीचा थर पाण्यातच कुजून प्राणवायू संपवतो, मासे मरतात.

सहावी पायरी: काढलेल्याची विल्हेवाट

फुले-फळे नसलेली जलपर्णी चार-पाच दिवस वाळवा, तुकडे करा, सुका पालापाचोळा आणि थोडे शेण यांचे थर देऊन किमान एक मीटर उंचीचा ढीग लावा. आतले तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढून काही दिवस टिकले पाहिजे. लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढली तर ती हाताला धरवू नये. दर आठवड्याला ढीग उलथा, कारण कडेच्या भागात उष्णता पोहोचत नाही. ढीग बसका, काळा आणि दुर्गंधीचा झाला तर ओल जास्त आहे, सुका पाला घाला. कारखान्यांचे पाणी येणाऱ्या नदीतली जलपर्णी जड धातू शोषून घेते, तिचे खत खाण्याच्या पिकाला नको.

बी धरलेले काहीही खतात घालू नका. पोत्यात बंद करून स्थानिक यंत्रणेने ठरवून दिलेल्या जागी द्या, आणि वाहनात वर ताडपत्री बांधा.

निघण्याआधी बूट, अवजारे, दोर, होडीचा तळ ब्रशने तिथेच घासून चिखल झटका आणि घरी उन्हात दोन दिवस कडक वाळवा. बुटाच्या खाचेतल्या चिखलात शेकडो बिया मावतात. एका नदीवरून दुसऱ्या नदीवर जाणाऱ्या गटाने तर हे कधीच चुकवू नये.

सातवी पायरी: उघडा काठ झाका

उतार दोन मीटर आडवा आणि एक मीटर उंच यापेक्षा उभा असेल तर सलग साफ करू नका. दोन-तीन मीटरचा पट्टा काढा, तेवढाच शेजारी राखा, आणि पहिला पट्टा हिरवा झाल्यावर दुसरा घ्या. पुराच्या हंगामाला दोन महिन्यांहून कमी वेळ उरला असेल तर काढणी थांबवा.

काय लावायचे हे त्याच नदीचा चांगला राहिलेला भाग सांगतो. पाण्याच्या कडेला तिथले लव्हाळे आणि पुरात लवणारी झुडपे, मधल्या उतारावर फांदीपासून रुजणारी झाडे, पूररेषेच्या वर मोठे वृक्ष. वाळुंज आणि निर्गुडी जिथे मूळच्या आहेत तिथे त्यांच्या खुंट्या चालतात: अंगठ्याएवढ्या जाड, ६० सेंटिमीटर लांब, त्यातले ४० सेंटिमीटर जमिनीत, डोळे वरच्या दिशेने, एकमेकींत अर्धा मीटर अंतर. आधी सळईने भोक पाडा. खुंटी ठोकत बसलात तर खालची साल सोलते आणि ती कुजते. खुंटीभोवतीची माती पायाने घट्ट दाबा, आत पोकळी राहिली तर मुळे सुकतात. मोकळ्या उतारावर काथ्याची जाळी खुंट्यांनी पक्की करा. रोपे मरण्याचे नेहमीचे कारण चराई आहे, म्हणून गुराख्यांशी बोलून पहिले एक वर्ष तो पट्टा सोडायला सांगा आणि पाण्यावर जायची वेगळी वाट मोकळी ठेवा.

आठवी पायरी: परत जा, मोजा, मगच पुढे सरका

पहिल्या काढणीनंतर तिसऱ्या आठवड्यात जा. सुटलेल्या गड्ड्यांचे धुमारे तोवर वीतभर होतात आणि कुठे चुकले ते दिसते. मग सहाव्या आठवड्यात, त्यानंतर दर दीड-दोन महिन्यांनी, शिवाय प्रत्येक पुरानंतर पाणी ओसरताच. पूर नव्या बिया आणि तुकडे आणतो, पण माती ओली असते आणि रोपे बोटभर असतात. त्या आठवड्यातला एक तास पुढच्या महिन्यातल्या पूर्ण दिवसाइतका मोलाचा. काढणीचा एक दिवस ठरवलात की परतीचे किमान तीन दिवस त्याच वेळी दिनदर्शिकेत लिहा.

नोंदवहीत तारीख, तुकड्याचा क्रमांक, माणसे, तास, कोणते रान, किती घमेली किंवा पोती, आणि काय अर्धवट राहिले हे लिहा. १०० मीटरच्या पट्ट्यात दर १० मीटरला दोरीचा एक मीटर लांब-रुंद चौकोन टाकून त्यातली आक्रमक रोपे मोजा, म्हणजे दहा आकडे मिळतात. पहिल्या एक-दोन खेपांना आकडा वाढलेला दिसेल. उजेड मिळाल्याने मातीतले जुने बी एकदम उगवते. हे काम फसल्याचे लक्षण नाही, मातीतला साठा रिकामा होतो आहे. तीच रोपे फुलण्याआधी काढली नाहीत तर मात्र साठा पुन्हा भरतो. चौथ्या-पाचव्या खेपेनंतरही आकडा उतरत नसेल तर वरच्या अंगाला सुटलेला उगम शोधा, किंवा गड्डे अर्धवट तुटत आहेत का हे दोन-तीन रोपे खणून तपासा. वर पान आणि खाली जुने जाड मूळ निघाले तर ते बीचे रोप नव्हे, तुटलेला गड्डा आहे.

सलग दोन खेपांना दहाही चौकोनांत मिळून पाचपेक्षा कमी रोपे सापडली आणि संपूर्ण पट्ट्याची फेरी दोन तासांत आटोपली, की प्रवाहाच्या दिशेने पुढचे ५० मीटर जोडा.